चिकट रेनकोट आणि वाघनखं

२०२४च्या जुलैत वाघनखं साताऱ्याला गेली, तेव्हा आमच्या लंडनच्या मराठी ग्रुपवर एकच वाद पेटला होता: खरी की खोटी? व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांसाठी दिली, आणि ही महाराजांनीच वापरलेली आहेत याची खात्री देता येत नाही, असंही सांगितलं. पण वाद ऐकतोय कुणाचं!

परवा इथल्या एका संग्रहालयात साठच्या दशकातल्या ब्रिटिश पॉप फॅशनवरच्या अभ्यासदिनाला गेले. विषय मेरी क्वांट. १९५५ साली लंडनच्या किंग्ज रोडवर ‘बझार’ हे दुकान काढणारी फॅशन डिझायनर. १९६३मध्ये तिने पीव्हीसीचे चकचकीत कपडे आणले खरे, पण सुईच्या भोकांशी प्लास्टिक फाटायचं. शिवण जमवण्यात जवळजवळ दोन वर्षं गेली. आता त्याच प्लास्टिकला मऊ ठेवणारं रसायन पाझरून वर येतं. रेनकोट चिकट होतो, घडी घातली तर बाही पाठीला धरून बसते. ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने १९५७मध्ये पॉप कलेची लक्षणं सांगितली होती: स्वस्त, तरुण, घाऊक, चटकन विसरण्याजोगं. तेच विसरण्याजोगं आता हातमोजे घालून जपायचं!

मला भावलं ते वेगळंच. २०१९च्या क्वांट प्रदर्शनासाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने लोकांनाच हाक दिली होती: तुमच्या कपाटात काही आहे का? बायकांनी कपडे दिले, आठवणींसकट. तिथे कुणी राजघराण्याचा दाखला मागितला नाही.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी जमवलीच की. पण पुढे? नायलॉनची साडी, टेरिलिनचा शर्ट, बेलबॉटम कुठे बघायची? आईला फोन केला तर म्हणाली, “अगं, बोहारणीला दिली सगळी. कढई घेतली.” उरलेल्यांच्या गोधड्या झाल्या. काटकसर चांगलीच, पण एका अख्ख्या पिढीचं कपाट त्यात गेलं. राजांच्या शस्त्रांवर हमरीतुमरी करणाऱ्या आपल्याला त्याची चुटपुटही नाही, हे मला खटकतं.

म्हणून इंग्रजांची आरती ओवाळायलाही मी तयार नाही. त्या अभ्यासदिनी दिवसभर डिझायनर, दुकान आणि गिऱ्हाईक; मशीनवर बसून ते शिवणाऱ्या बायका ओझरत्याच आल्या. इकडे मुंबईत काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधल्या वस्त्रसंग्रहालयाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. १९८२च्या गिरणी संपाची आठवण ज्या गिरणगावात अजून घराघरांत आहे, तिथे कामगाराला वगळून कापडाची गोष्ट सांगायची कुणाची छाती होणार नाही. फक्त तिथे मागांच्या शेजारी ते कापड नेसणारीलाही जागा हवी, आणि त्यासाठी लालबाग-परळच्या बायकांना आत्ताच विचारायला हवं, बोहारीण दारात येण्याआधी.