'आधी ठरव, गायचंय की नाटक करायचंय?'

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी भाचीची शाळांशाळांमधली गाण्याची स्पर्धा होती. पोरीने नाट्यपद म्हटलं. छान म्हटलं. शब्दाबरोबर तिचा हात वर जात होता, भुवई हलत होती, एका जागी तर ती चक्क रुसली. आणि परीक्षकबाई माईकवरून, सगळ्यांसमोर म्हणतात कशा, "आवाज गोड आहे बाळा, पण हे हातवारे कशाला? आधी ठरव, गायचंय की नाटक करायचंय?" सभागृहात हशा. पोरगी मान खाली घालून ओढणीची पिन काढतेय, लावतेय, काढतेय, लावतेय. गुणांच्या कागदावर 'सादरीकरण' असा वेगळा रकाना होता बरं का. त्यात दहापैकी चार.

नाट्यपद गाताना नाटक करू नको! मग काय करू, पाढे म्हणू?

वर संध्याकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. 'जुन्या जमान्यातील धाडसी तारका'. त्यात शांता आपटे यांच्यावर तीन ओळी. पहिली, संपादकाला छडीने मारलं. दुसरी, स्टुडिओच्या फाटकात उपोषण केलं. तिसरीत अंगठ्याच्या इमोजी. गाण्याबद्दल एक अक्षर नाही! म्हणजे जी बाई सिनेमात गाताना आपल्या माणसांना पहिल्यांदा जिवंत वाटली, तिची आठवण काय तर छडी.

दोन्ही एकाच दिवशी झालं म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शांता आपटे स्टेशनमास्तरांची मुलगी. गणपतीत भजनं म्हणायची, पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शिकली. भालजी पेंढारकरांनी 1932 साली 'श्यामसुंदर'मध्ये तिला राधा केलं. मग ती 'प्रभात' फिल्म कंपनीत आली. 'प्रभात' 1933 ला कोल्हापूर सोडून पुण्यात आली होती, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. 1934 चा 'अमृतमंथन', 1936 चा 'अमरज्योती', आणि 1937 चा 'कुंकू', ज्याचं हिंदी रूप 'दुनिया न माने'. दिग्दर्शक शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम. एवढं पुरे.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते. घरच्यांनी ऐकली आहे, तुम्हीही ऐका.

आजीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. आजोबा बिजवर, वयाने चांगलेच मोठे. साताऱ्याला 'कुंकू' लागला तेव्हा आजीच्या सासूबाईंनी स्वतःहून सगळ्या सुनांना पाठवायचं ठरवलं, आणि स्वतःही निघाल्या. का? तर नाव 'कुंकू'! सौभाग्याचा, पातिव्रत्याचा काहीतरी सिनेमा असणार! आणि पडद्यावर काय, तर फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या म्हाताऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही. सासूबाई मधेच उठल्या नाहीत, कारण तिकिटाचे पैसे गेले होते. येताना टांग्यात कोणी कोणाशी बोललं नाही म्हणे.

त्या सिनेमात शांता आपटे एक इंग्रजी गाणं म्हणते. अमेरिकन कवी लाँगफेलोची कविता, 'अ साम ऑफ लाइफ'. 1937 साली, मराठी घरात, नऊवारीतली बाई इंग्रजी कविता गाते आणि त्यात काही विचित्र वाटत नाही! आजीला इंग्रजी ए टू झेडसुद्धा येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना ती तीच चाल गुणगुणत होती, शब्दांच्या जागी स्वतःचे काहीबाही घालून. सासूबाईंनी विचारलं, काय बडबडतेस? आजी म्हणाली, "सिनेमातलं स्तोत्र आहे."

परीक्षकबाई, तुम्हाला मी हे सांगायला हवं होतं. भाषा कळली नाही तरी माझ्या आजीला ते गाणं कळलं, ते हातांमुळे आणि डोळ्यांमुळे.

तेव्हाची सिनेमातली गाणी आठवा. गाण्याची वेळ आली की नटी कॅमेऱ्यासमोर ताठ उभी, चेहरा कोरा, आणि रंगभूमीवरच्या सवयीने तानांवर ताना. कथा थांबायची, गाणं संपलं की पुन्हा सुरू. शांता आपटे आली आणि गाता गाता बोलायला लागली. तिचे डोळे फिरायचे, मान वळायची, हात कामात असायचे. संगीतकार केशवराव भोळे यांना याचं श्रेय द्यायलाच हवं. तानबाजीचा सोस सोडून शब्दातला भाव हवा, असा त्यांचा आग्रह. आणि 'कुंकू'त तर पार्श्वसंगीतच ठेवलेलं नाही. जो आवाज येईल तो त्या घरातूनच आला पाहिजे. अशा सिनेमात ताठ उभं राहून मैफल करणारी बाई चालली असती का?

आजी म्हातारपणी सुद्धा सूप बाजूला ठेवून ते करून दाखवायची. कंबरेवर एक हात, दुसऱ्या हाताने समोरच्याला जाब विचारतोय असं. "ती गात नव्हती गं, भांडत होती," म्हणायची. सूर पार गेलेला असायचा. पण मला कळायचं.

आणि एकच पोत होता का तिच्या गाण्याचा? 'अमृतमंथन'मध्ये तिच्या गळ्यात गझल आहे, उर्दूच्या वळणाची. 1938 च्या 'गोपालकृष्ण'मध्ये ती राधा. बालकृष्ण कोण, तर पुढे पंडित झालेले आपले राम मराठे. संगीत मास्टर कृष्णरावांचं, म्हणजे पुन्हा निराळं वळण. मग 1941 ला तमिळ 'सावित्री'. तमिळ शिकून केला तो सिनेमा. आणि त्यात नारद कोण होतं माहितीये? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! एका सिनेमात सोलापूरकडच्या दुधनीत जन्मलेली आपटे सावित्री आणि एम. एस. नारद. यावर आपल्याकडे एखादं नाटक तरी यायला हवं होतं. पुढच्या वर्षी थेट लाहोर, 'जमीनदार', संगीत गुलाम हैदर यांचं. तिथे पंजाबी ठेका. मराठी पद, गझल, इंग्रजी कविता, तमिळ, पंजाबी ठेका, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःच अभिनय, स्वतःच गाणं. तिला जर कोणी म्हटलं असतं, आधी ठरव काय करायचंय...

तिने ठरवलेलंच होतं. सगळं करायचं.

हो, मान्य आहे. निव्वळ गायकी म्हणाल तर हिराबाई बडोदेकरांच्या पंगतीला ती बसत नाही. मी बसवतही नाही. पुढे.

आता त्या उपोषणाबद्दल. 1939 साल. पगार आणि करार यांवरून 'प्रभात'शी वाजलं आणि ती स्टुडिओच्या फाटकातच उपोषणाला बसली. पेपरात बातम्या आल्या. आमच्याकडे आजोबा ओसरीवर पेपर मोठ्याने वाचायचे. ती बातमी आली तेव्हा त्यांनी आत आवाज दिला, "अहो ऐकलंत का, तुमची ती शांता आपटे फाटकात बसलीये!" 'तुमची ती'. म्हणजे तांदूळ निवडतानाचं स्तोत्र त्यांच्याही कानावर गेलेलं होतं. आजी आतून म्हणाली, "बसणारच." एवढंच. आणि भाकरी थापत राहिली.

करारावर तिची सही होती, कंपनीचीही काही बाजू असेल. असो. पण मला राग कशाचा येतो, तर आपण ही गोष्ट नखरेल नटीचा तमाशा म्हणून सांगतो. गिरणीतला कामगार फाटकात बसला तर लढा, आणि नटी बसली तर नखरा! कामाचे पैसे मागणं हे दोन्हीकडे एकच ना? बाईने स्वतः पुस्तक लिहिलंय, 1940 मध्ये, 'जाऊ मी सिनेमात?' नाव ऐकून वाटतं आता गॉसिप मिळणार. ते तसलं नाही. हा धंदा माणसाच्या मेहनतीवर कसा उभा आहे आणि राबणाऱ्याला कसं पिळून घेतो, हे ती लिहिते. धंद्यात असताना लिहिते हो, निवृत्तीनंतर आठवणी काढत नाही. आज कितीजणी लिहितील? कितीजण?

आणि छडी. 'फिल्मइंडिया' या सिनेमासिकाचे संपादक बाबूराव पटेल. भल्याभल्यांची अब्रू छापून काढायचे. तिच्याबद्दल काहीबाही लिहिलं म्हणून ती थेट त्यांच्या ऑफिसात गेली आणि छडीने झोडपलं, असं आजही रंगवून सांगतात. मारणं चूक, ठीक आहे, लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये येऊन शिकवाल. पण माझा प्रश्न साधा आहे. पंचवीसेक वर्षं काम केलेल्या बाईची एका दुपारची हकीकत काय ती उरते, आणि काम जातं कुठे?

पुरुषांचं असं होत नाही. तापट पुरुष कलाकार असला की 'कलंदर'. बाई तापट असली की तिची कला खाली सरकते आणि ताप वर येतो. आमच्या ग्रुपवर हे लिहिलं तर एका मित्राने हात जोडल्याची इमोजी टाकली. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ काय समजायचा, आभार की गप्प बस?

जरा थांबून चहा घेतला. पुढचं शांतपणे लिहिते.

तिचं सगळं सरळ झालं नाही, हेही खरं आहे. घरून भाऊ धाकात ठेवायचा, तिचे व्यवहार तोच बघायचा. पडद्यावर नीरा, आणि घरी हे. 1946 च्या 'सुभद्रा'मध्ये ती नायिका आहे आणि छोट्या भूमिकेत सतरा वर्षांची लता. दोघी त्यात एकत्र गायल्यादेखील आहेत. मला ती जोडी ऐकताना फार चमत्कारिक वाटतं. एक दार बंद होतंय आणि दुसरं उघडतंय, आणि दोघी एकाच माईकपाशी. त्यानंतर काही वर्षांतच गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी ही पद्धत पक्की झाली. लताबाईंवर माझा राग असायचं काही कारणच नाही, कोणाचा असेल? पार्श्वगायनाने आपल्याला जे दिलं ते मोजता येणार नाही. पण त्या वाटणीत एक जात संपली. गळा, चेहरा, हात, सगळं एकाच माणसाचं असणारी. 1949 चा 'स्वयंसिद्धा' चालला, नंतरचे सिनेमे मात्र बेताचेच, ते मी काही गोड करून सांगणार नाही. 1964 मध्ये ती गेली, पन्नाशीही न गाठता.

आणि आता ती वाटणी आपल्या इतकी अंगात मुरलीये की शाळेतल्या पोरीचा हात वर गेला तरी परीक्षकांना खटकतं. रिअॅलिटी शोमध्ये उलट, तिथे लेकरांना डोळे मिचकवायला शिकवतात, ते बघून मलाही ओशाळल्यासारखं होतं. तो फरक मला कळतो. शिकवलेला नखरा वेगळा. आमची पोर रुसली ती त्या ओळीत राग होता म्हणून. तिला कोणी सांगितलं नव्हतं रुस म्हणून.

आजोबांचं एक राहिलं. आजी सांगायची, ती 'कुंकू' बघून आल्यानंतर ते तिच्याशी जरा जपून बोलायला लागले. ते स्वतः सिनेमाला गेले नव्हते, पण गावात चर्चा झालीच होती. त्या सिनेमातला म्हातारा, केशवराव दाते, शेवटी स्वतःची चूक समजून जातो आणि जीव देतो. आजोबांना ते कोणीतरी सांगितलं असणार. 'अगं'चं 'अहो' तेव्हापासून झालं म्हणे. आजीने हे मला हसत सांगितलं होतं, पण दोन वेळा पदर डोळ्याला लावला. त्यांचा संसार पुढे चांगला झाला, बरं का. अगदी शेवटपर्यंत भांडत आणि एकमेकांना औषधं देत. आजी नीरा नव्हती. पण सिनेमात एका बाईने तोंडावर 'नाही' म्हटलेलं तिने बघितलं होतं, आणि तेही सुरात.

रात्री भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी मी हात मागे बांधून म्हणते." मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिला 'कुंकू'तल्या गाण्याची लिंक पाठवलीय. बघितलं की नाही माहीत नाही, निळ्या टिका आल्यात.

परीक्षकबाई माझ्या यादीत नाहीत, पण तुमच्यापैकी कोणाच्या असतील. खुशाल टॅग करा.

आणि एक काम आहे. 'जाऊ मी सिनेमात?' मी पूर्वी एका वाचनालयातून आणून वाचलं होतं. आता तिथे विचारलं तर पुस्तक नोंदीत आहे, कपाटात नाही. कोणाच्या घरी, माळ्यावर, आजी-आजोबांच्या ट्रंकेत जुनी प्रत असेल तर सांगा. झेरॉक्स काढून चार दिवसांत परत करते, कव्हर घालून.