इंजन खोललं अन् गाव गोळा झालं

डिझेल इंजनचं शास्त्र तसं चार वाक्यांचं. हवा आत ओढायची, ती दाबायची, तिच्यात डिझेल मारायचं आणि उरलेला धूर बाहेर टाकायचा. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. हे पाठ करायला मला एक दुपार पुरली. पण तेच शास्त्र दारव्हा तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर नेलं, तेव्हा कळलं की पुस्तकवाल्यांनी एक भाग छापलाच नव्हता. तो भाग म्हणजे इंजनभोवती उभी राहणारी माणसं.

मी एम.ए. मराठी. नोकरीची वाट पाहून सगळे थकले तेव्हा बाबा म्हणाले, "कागदं लय झाले. आता हाताले कायतरी येऊ दे." विहिरीवरचं इंजन दर हंगामात हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी नेमकं बसायचं, आणि गावातला एकुलता एक मिस्त्री त्याच वेळी कोणाच्या तरी लग्नात असायचा. म्हणून मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकसाठी नाव घातलं. ट्रेड एक वर्षाचा, दहावी पास चालतो, वयाला वरची मर्यादा नाही. मर्यादा असती तर बरं झालं असतं, असं पहिल्याच दिवशी वाटलं. वर्गात शिरलो तर सगळी पोट्टी उठून 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली.

वर्गाचे खरेखुरे सर मात्र झकास होते. डिझेल इंजनला स्पार्क प्लग नसतो म्हटल्यावर एका पोट्ट्यानं विचारलं, "मंग काडी कोन लावते?" सरांनी सायकलचा पंप आणवला, त्याच्या तोंडावर त्याच पोट्ट्याचा अंगठा दाबून धरायला लावला आणि दांडा दणादण मारला. "आता नळीले बुडाशी हात लाव." पोट्टं हात झटकत मागं सरलं. "पंपात इतकं होते, त इंजनमंदी हवा सोळा-सतरा पट दबते. पाचशे डिग्रीच्या वर जाते. डिझेलले पेटाले त्याच्या अर्धं बी लागत नाई." त्या दिवशी वर्गातलं कोणी काडीपेटीचं नाव काढलं नाही.

वर्कशॉपात एक आडवं कापलेलं इंजन होतं, लाल-निळ्या रंगात रंगवलेलं. ते इतकं स्वच्छ होतं की त्यात कधी डिझेल गेलं असेल असं वाटत नव्हतं. नट किती जोरानं आवळला ते मोजणारा टॉर्क पाना कपाटात असायचा आणि कपाटाची चावी रजेवर. तरी मी वही भरली. आमच्या विहिरीवरच्या इंजनचा बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली रुंदी, ८० मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ११०. गणित मांडलं तर ५५३ सीसी. मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सिलेंडरात मिनिटाला ७५० स्फोट. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अन् तितक्यांदा डिझेल जळते, हे नाई सांगतलं तुह्या मास्तरनं?"

सुट्टीत घरी आलो तर इंजन निळा धूर सोडत होतं. वही उघडली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर चाललंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. म्हणजे ऑइल वर येऊ न देणाऱ्या पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. मिस्त्री त्या आठवड्यात चक्क गावात सापडला. "खोलू," तो म्हणाला, "पन पाने तू धरजो. शिकला ना तू?"

आमच्याकडे इंजन खोलायला मुहूर्त लागत नाही आणि आमंत्रणही लागत नाही. हेडचा, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाचा, पहिला नट सैल होईस्तोवर शेजारचे काका धुऱ्यावरून आले. दुसरा सैल झाला तेव्हा चक्कीवाले भाऊ चक्की बंद करून हजर. त्यांची चक्की विजेवर चालते, पण त्यांच्या आज्याची डिझेलवर होती. तेवढ्या भांडवलावर ते इंजनबद्दल शेवटचा शब्द बोलतात. हेड उचललं तेव्हा गोठ्याच्या सावलीत बसायला जागा उरली नव्हती आणि आई दुसऱ्यांदा चहा टाकत होती.

निदानं सुरू झाली. "डिझेल फवारते ते नोझल गेलं." "पंपातलं एलिमेंट गेलं." "एअर घेतली असन." "पोट्ट्यानं हात लावला म्हनूनच गेलं." मी पिस्टनची रिंग काढून लायनरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीत, ठेवली आणि तिच्या दोन टोकांतल्या फटीत गेज पट्टी घातली. एवढ्या बोअरला ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. गेजची सगळ्यात जाड पात सुद्धा आरपार गेली आणि डुलायला लागली. मी ती सगळ्यांना दाखवली. काका म्हणाले, "हाव, पन नोझल बी गेलंच असन."

लायनर-पिस्टनचा सेट आणायला मिस्त्री यवतमाळला गेला आणि माझ्या गळ्यात व्हॉल्व्ह घासायचं काम आलं. व्हॉल्व्हच्या बैठकीला लॅपिंग पेस्ट लावायची, तोंडाला रबरी वाटी असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ती दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. मधूनमधून उचलून जागा बदलायची. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. पुसून पाहिलं की बैठकीवर सारख्या रुंदीचा करडा, मंद पट्टा सगळीकडून उमटलेला दिसला पाहिजे. मग व्हॉल्व्ह स्प्रिंग घालून बसवायचे, पोर्टमध्ये डिझेल ओतायचं आणि खालून थेंब येतो का ते बघत बसायचं. थेंब आला. पुन्हा घासलं. सगळ्या ओव्हरहॉलमधलं हे एकच काम मला मनापासून आवडलं, कारण त्यावर कोणाला सल्ला देता येत नव्हता. डिझेल झिरपतं किंवा झिरपत नाही.

लोकांना मात्र घासणं पाहून कंटाळा यायला लागला. मग मी त्यांना रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला त्याचं इंजन पहिल्यांदा धड चाललं. इंधनातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा त्यानं कामाला लावून दाखवला, जे तेव्हाच्या वाफेच्या इंजनांच्या स्वप्नातही नव्हतं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर तसलं एक इंजन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं.

"फल्लीतेल? इंजनमंदी?" आई चहाचे कप उचलता उचलता थांबली. "इथं भाजीले पुरत नाई."

"मंग त्या डिझेलचं पुढं काय झालं?" चक्कीवाल्या भाऊंनी विचारलं.

"१९१३ मध्ये बोटीनं इंग्लंडला चालला होता. रात्री बोटीवरून गायब झाला. नंतर समुद्रात प्रेत सापडलं."

"कर्ज होतं काय त्याच्यावर?"

होतं. बराच बुडालेला होता. मी तसं सांगितलं. सावलीतलं कोणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "तू घास बापा. ऊन वर चाललं."

मिस्त्री सेट घेऊन आला. रिंगा चढवताना मी वहीतलं वाचलं, की तिन्ही फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, एकशेवीस-एकशेवीस अंशांवर ठेवायच्या, नाहीतर कॉम्प्रेशन निसटतं. मिस्त्रीनं त्या आधीच तशा फिरवल्या होत्या. एकशेवीस हा आकडा त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. "एकीचं तोंड दुसरीले दिसू देऊ नोको," एवढंच त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. हेडच्या नटांचंही तेच. पुस्तक म्हणतं, समोरासमोरचे नट टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळा. मिस्त्री समोरासमोरचेच घ्यायचा, पण पहिली फेरी मनगटानं, दुसरी खांद्यानं आणि तिसरी श्वास रोखून. माझ्या मते तो टॉर्क पान्याच्या फार मागे नसावा, आणि त्याची चावीही कोणाकडे नसते.

व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट लावले, डिझेलच्या नळीतली एअर काढली. डिझेल पंपाचा स्क्रू सैल करून फेसाळ डिझेल जाऊ द्यायचं, बुडबुडे थांबले की आवळायचं. हँडल फिरवलं की नोझलमधून 'कुर्र कुर्र' आवाज आला पाहिजे. तो आला तेव्हा मी काकांकडे पाहिलं. नोझल चांगलं निघाल्याचं त्यांना फार लागलं असावं.

हँडलसाठी मात्र गावची गर्दी लागतेच. सिलेंडरातला दाब सोडणारी डीकम्प्रेशनची दांडी वर करून हँडलला वेग द्यायचा आणि वेग आला की दांडी पाडायची. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजननं उलटा झटका दिला तर तो अंगठ्यावर दया करत नाही. हे मी ओरडून सांगत होतो तोवर चक्कीवाल्या भाऊंचा दांडगा पोरगा पुढं झालाच होता. फिर, फिर, फिर... "पाड!" धाड्. एक काळा ढग, मग धड-धड-धड. धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. नळीतून आधी थुंकल्यासारखं आणि मग बदाबदा पाणी पडलं.

मी बाबांना सांगितलं, नव्या रिंगा आहेत, आता काही तास कमी लोडवर चालू द्यायचं म्हणजे रिंगा बसतात. मिस्त्रीनंही मान डोलावली. आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तेवढ्यात काका धुऱ्यावरून हात हलवत धावत आले.

"लाइन आली! थ्री फेज! दिवसा!"

बाबांनी इंजनकडे पाहिलं, डिझेलच्या कॅनकडे पाहिलं. "बंद कर ते."

"बाबा, रिंगा बसल्या पाहिजेत."

"बसाले डिझेल लागते ना त्याईले?" बाबा विहिरीवरच्या विजेच्या मोटरच्या स्टार्टरकडे चालू लागले. "मंग उभ्या राहू दे."