डेटा खुला करून बागायतदाराला काय मिळालं? त्या फॉरवर्डला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं की शेती संशोधनाचा डेटा सगळ्यांना खुला करणं म्हणजे पैशाचा चुराडा, कारण त्याचा फायदा मोजताच येत नाही, शेतकरी काही ते तक्ते उघडून बघत नाही आणि डाउनलोड तर अगदीच किरकोळ. खाली अंगठे भरपूर पडलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोजता येत नाही? लँडसॅट उपग्रहाची चित्रं 2008 पर्यंत विकत घ्यावी लागायची, मग अमेरिकेने ती फुकट केली, आणि तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने वापरणाऱ्यांनाच विचारून हिशोब मांडला, तर 2017 या एका वर्षाचा फायदा 345 कोटी डॉलर निघाला. अंदाजच आहे तो, पण वापरणाऱ्याला गाठून विचारलं की आकडा निघतो.

शेतकरी तक्ते बघत नाही, हे अगदी खरं, आणि त्याला गरजही नाहीये. आंब्याला दरवर्षी मोहोर यावा म्हणून देतात त्या कल्टार औषधाचंच बघा ना. हापूस एक वर्ष धरतो नि पुढच्या वर्षी दगा देतो, त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काम केलं आणि झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे साधारण 3 मिली कल्टार, अशी शिफारस दिली. आता जुलै-ऑगस्टात कुठल्याही बागेत जा, दोघंजण टेप धरून झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजतात, मग दक्षिण-उत्तर, सरासरी काढतात आणि बुंध्याभोवती खड्डे मारून त्यात औषधाचं पाणी ओततात. प्रयोगाचा कागद त्यांनी जन्मात पाहिलेला नाही, तरी प्रत्येक खड्ड्यात तोच आकडा जातोय! मग परिणाम वेबसाइटच्या काउंटरवर शोधायचा की बागेत? आणि अशा प्रयोगांचे झाडवार, वर्षवार तक्ते खुले असले तर कातळावरच्या बागेला नि मातीतल्या बागेला डोस एकच चालतो का, हे बाहेरचा अभ्यासकही तपासू शकतो.

डाउनलोडचं थोडक्यात सांगतो. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, फाइली उचलत राहतात, म्हणून नीट मोजणारे ते वगळूनच मोजतात. उलट आंब्यावरच्या तुडतुडे किडीच्या नोंदी एकाच माणसाने डाउनलोड केल्या आणि तोच गावोगाव फवारणीचे मेसेज पाठवणारा असला, तर तो एक डाउनलोड केवढा मोठा!

फॉरवर्डमधला एक मुद्दा मात्र मला पटतो, की उत्पन्न वाढलं तर त्यात पावसाचा वाटा किती, मेहनतीचा किती नि डेटाचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. पण काजूचं कलम लावताना जात वेंगुर्ला-4 की वेंगुर्ला-7 ही चिठ्ठीच नसली तर पुढे कुठलं चांगलं धरलं ते कसं सांगणार? डेटाची चिठ्ठी म्हणजे डीओआय, कायमचा क्रमांक, आणि 2009 पासून डेटासाइट ही संस्था त्याच कामासाठी आहे. क्रमांक लिहिला तर माग लागतो, नाही लिहिला तर वाट तिथेच संपते.

म्हणून बंद करा म्हणण्याऐवजी आपण मागूया की फवारणीच्या सल्ल्याखाली, आंब्याच्या हवामान विम्यातले पाऊस-तापमानाचे ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू होण्याच्या मर्यादा, ठरवतात त्या कागदावर, कुठला डेटा वापरला त्याचा क्रमांक छापा, आणि दोन-तीन हंगामांनी बागायतदारांकडे येऊन काय बदललं ते विचारा. त्या नोंदी खुल्या करताना आमची नावं आणि सातबारा तेवढे काढून टाका.