गणपतीला गावी जाताना पोरांसाठी काय न्यावं

तिकीट मिळालं ना? मग अर्ध्याहून अधिक गणपती पार पडला म्हणायचा. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला तुम्ही दोन मोबाइल, एक लॅपटॉप आणि मेहुण्याचं लॉगिन घेऊन बसला होतात. वेटिंगवर का होईना, पदरात काहीतरी पडलं. तिकिटासाठी एवढं डोकं चालवल्यावर गावातल्या पोरांसाठी काय न्यायचं यावर पुन्हा डोकं चालवायचं, हा माणसावर अन्याय आहे. तेव्हा ती खरेदी आदल्या रात्री दादर स्टेशनबाहेर करावी, तुतारी एक्सप्रेस फलाटाला लागायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत. दुकानदार शटर ओढायच्या घाईत असतो, तुम्ही गाडीच्या घाईत. अशा वेळी भावही बरा पडतो आणि निवडीचा त्रासही वाचतो.

लहान पोरांचं काही नाही. बिस्किटाचा पुडा आणि फुगा दिला की ती तुमच्या नावाने नाचतात. वीस ओलांडलेल्यांना 'लग्नाचं काय?' एवढं विचारलं की पुरतं. अडचण आहे ती मधल्यांची, 13 ते 19 मधल्या. ही जमात पडवीच्या कोपऱ्यात बसलेली असते, तुमच्या पाया पडते, आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालते. त्यांना काय द्यावं, याचं मार्गदर्शन कुणी करत नाही. ती उणीव इथे भरून काढतो.

सगळ्यात आधी एक पथ्य. त्यांना विचारू नका. तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे, घराण्याच्या ग्रुपवर तुम्ही त्यांना रोज सूर्योदयाचं चित्र पाठवता, हे सगळं खरं. पण 'तुला काय आणू रे?' असं विचारलं की पोर उत्तर देतं. उत्तर दिलं की ती वस्तू आणावी लागते. ती दादर स्टेशनबाहेर मिळत नाही. एवढी साखळी सुरू करण्यापेक्षा मौन बरं.

मापाचंही तसंच. पुतण्याला तुम्ही शेवटचं नीट निरखून पाहिलं तेव्हा तो पाचवीत होता. शर्ट त्याच मापाचा घ्यावा. आता त्याला मिसरूड फुटली आहे, नारळाच्या झाडावर चढून तो शहाळी उतरवतो, आणि तुम्ही आणलेल्या शर्टाचं पहिलं बटण त्याच्या छातीवर लागता लागत नाही. हरकत नाही. 'अरे, किती वाढलास!' असं म्हणायला निमित्त मिळतं, आणि शर्ट धाकट्याला होतो. धाकट्यासाठी तुम्ही काही आणलं नव्हतं, तेही झाकलं जातं.

कपड्यांची कटकट नको असेल तर डिओ. कोकणातल्या तरुण पिढीला शहरातून पोचलेली ही सर्वांत मोठी मदत आहे. एकाच वाडीत सात घरी सात चाकरमानी उतरतात आणि प्रत्येकाच्या बॅगेत डिओ असतो. गौरी विसर्जनापर्यंत ते डबे खालच्या वाडीतून वरच्या वाडीत आणि वरच्या वाडीतून मामाकडे फिरतात. तुम्ही दिलेला डबा पुढच्या वर्षी तुमच्याच मुलाच्या हातावर टेकवला गेला, तर कपाळाला आठ्या घालू नका. सील शाबूत आहे का तेवढं बघा.

भाचीसाठी क्रीम न्यावी. गोरेपणाची. एका बड्या कंपनीने 2020 मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला, पण मामीच्या तोंडून तो कुठली कंपनी काढणार? ट्यूब देताना 'उन्हात फिरून फिरून काय ही दशा करून घेतलीस' एवढं जोडावं, म्हणजे भेट आणि आपुलकी एकदमच पोचते. मुलगी हसते, थँक्यू म्हणते आणि ट्यूब न्हाणीघराच्या फळीवर जाते. पुढे तिचा उपयोग आजोबांच्या टाचांच्या भेगांना होतो. थोडक्यात, वाया जात नाही.

त्याच भाचीला, ऐपत असेल तर, पावलं मोजणारं घड्याळ द्यावं. तुमच्या ऑफिसात दिवसाला दहा हजार पावलं पुरी करण्यावरून पैजा लागतात. ही मुलगी घरातून निघते, पाखाडी उतरते, व्हाळ ओलांडते, एसटीच्या थांब्यावर जाते आणि संध्याकाळी तीच पाखाडी चढून घरी येते. आता घड्याळ तिला सांगेल की ती चालते. तिला आजवर कल्पना नव्हती.

काही मंडळींना वाटतं, काहीतरी 'आपल्या मातीतलं' द्यावं. उत्तम विचार. त्यासाठी मुंबईच्या मॉलमध्ये हस्तकलेचं एक महागडं दुकान असतं, तिथे एअरकंडिशनमध्ये सावंतवाडीचा लाकडी भोवरा मिळतो. तपकिरी कागदाच्या खोक्यात, सुतळीने बांधलेला, वर इंग्रजीत 'निसर्गस्नेही' असं काहीतरी लिहिलेलं. तो घ्यावा, तुतारीत वरच्या बर्थवर उशाशी ठेवावा, गाडी जिथे संपते त्या सावंतवाडीला उतरावं आणि लाकडी खेळण्यांच्या चितार आळीपासून चार पावलांवर राहणाऱ्या पुतण्याला द्यावा. त्याचे डोळे विस्फारतात ते भोवऱ्यामुळे नव्हे. खोक्यावर किंमत लिहायची राहून गेलेली नसते, आणि हाच भोवरा घराखालच्या दुकानात केवढ्याला मिळतो हे त्याला पाठ असतं. याच धर्तीवर वेंगुर्ल्याला भाजलेल्या काजूचं आकर्षक पाकीट आणि रत्नागिरीला आंब्याच्या चवीचा ज्यूस नेणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे हात जोडावेत.

गंजिफा मात्र चुकूनही नेऊ नका. सावंतवाडीचे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी संचात 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. देखणी चीज आहे. पण पोराने विचारलं, 'काका, हे खेळायचे कसे?' तर? तुम्हाला येत नाही. तुमच्या वडिलांना येत नव्हतं. मग आजीला विचारावं लागेल, आजी आठवायला बसेल, रात्री आरतीनंतर पोरं तिच्याभोवती जमतील, आणि तुमचा माजघरातला तीनपत्तीचा डाव मोडेल. कशाला?

आता अभ्यासू भेटींकडे वळू. 'पास झालास तर घड्याळ देईन' हे वाक्य कोकणात तोंडातून काढू नका. 2024 मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल 99.01 टक्के लागला, राज्याचा 95.81. इथे नापास व्हायला वेगळे कष्ट घ्यावे लागतात, तेव्हा घड्याळ द्यावंच लागेल. अट नव्वदच्या वरची घालावी. तेवढेही पडले तर 'बारावीचं बघू' म्हणावं. दरम्यान स्पर्धा परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक द्यावं, दोन वर्षं जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते. पहिल्या पानावर आशीर्वाद लिहावा. उरलेली पानं नंतर चुलीला लागतात.

इथे जरा थांबून एक उदाहरण देतो, कारण निवड किती अचूक असावी हे त्यातून कळेल. समजा, तुमचा पुतण्या पंधरा-सोळाचा आहे. 'त्याला चित्रकलेची आवड आहे' असं भावाने फोनवर सांगितलंय. तुम्ही लगेच बारा रंगांच्या खडूंचा डबा घेता, झाकणावर हसरं अस्वल. आता हा मुलगा आषाढ लागल्यापासून शाळा सुटली की दप्तर टाकून गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, जातो. पहिल्या वर्षी त्याने नुसता काचपेपर घासला. दुसऱ्या वर्षी पाट आणि उंदीर रंगवले. मग पितांबराच्या किनारी मिळाल्या. यंदा मालकांनी त्याच्या हातात पहिल्यांदाच आखणीचा ब्रश दिला, लहान मूर्तींचे डोळे आखायला. श्वास रोखून एका झटक्यात पापणीची रेघ मारायची असते. मधेच हात उचलला तर बाप्पा कायमचे झोपाळू दिसतात. त्याच्याकडच्या बारीक ब्रशचे केस आता तीन दिशांना फाकलेत, थुंकी लावून तो टोक जुळवतो. चांगला ब्रश तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, मुंबईत मिळतो. चाकरमान्याच्या एका वेळच्या वडापाव-चहाच्या खर्चात मिळतो म्हणा ना.

हे तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असण्याचं कारणही नाही, कारण आपण वर पथ्य ठरवलंय. तुम्ही अस्वलवाला डबा द्या. मग आरतीला उभे राहा, मूर्तीकडे बघा आणि मोठ्याने म्हणा, 'डोळे काय आखलेत हो! कुठल्या कारागिराचे?' मुलगा तुमच्या मागेच झांज घेऊन उभा असेल. वळून त्याला विचारा, 'खडू आवडले ना रे?' तो म्हणेल, 'बरे आसत.' मालवणीत 'बरे आसत'मध्ये काय काय मावतं, याची चौकशी करू नये.

भाचीचीही एक हौस असते, तुमच्या सोयीसाठी सांगून ठेवतो. वाडीच्या भजन मंडळाचे व्हिडिओ तीच काढते आणि टाकते. अडचण अशी की मोबाइलवर बुवांचा आवाज कमी आणि पत्र्यावरचा पाऊस जास्त ऐकू येतो. तिला एक कॉलर माइक हवा आहे. ही वस्तू लहान, हलकी आणि उपयोगाची आहे, म्हणूनच भेट म्हणून बाद. ओटीवर सगळ्यांसमोर उघडून दाखवली तर कुणाला कळणारही नाही की तुम्ही काय आणलंत. भेट कशी, टीपॉयएवढी दिसली पाहिजे.

रिचार्जचं तर नावच काढू नका. सड्यावर, जिथे एक दांडी रेंज येते तिथे, संध्याकाळी पाच-सहा पोरं छत्री धरून उभी दिसतील, त्यातल्या दोघांचा पॅक संपलेला असेल आणि ती तिसऱ्याच्या हॉटस्पॉटवर जगत असतील. तीन महिन्यांचा रिचार्ज मारला तर ती तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचतील. पण रिचार्जला रिबन बांधता येत नाही, आणि वहिनी म्हणतील, 'भाऊजी, तुम्हीच बिघडवताय.'

राहिलं पाकीट. 501 रुपये घालावेत, पोराच्या हातात द्यावेत आणि उलटी गिनती सुरू करावी. तुम्ही ओटीवरून उतरायच्या आत आई म्हणेल, 'दे, तुझ्या नावाने ठेवते.' ते पैसे पुढे मंडपाच्या वर्गणीला, गॅसला आणि तुमच्याचसाठी आणलेल्या सुरमईला लागतात. असा पैसा फिरता राहतो. तज्ज्ञ यालाच अर्थव्यवस्था म्हणतात.

काहीही द्या, पण देताना किंमत सांगायला विसरू नका. 'ऑनलाइन बाराशेला आहे, आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याने आठशेला दिलं,' हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र ऐकवावं. त्यानंतर तुमच्या मुलासमोर त्याच वयाच्या पुतण्याला 'मुंबैला ये, बघू तुझं काहीतरी' म्हणावं. हीही एक भेटच आहे, आणि ती फुकट असते. तुमचा मुलगा तेव्हा 'इथे वायफाय नाही?' असं विचारत असेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

परतीच्या दिवशी तुमच्या दोन बॅगांच्या पाच झालेल्या असतात. नारळ, कुळथाची पिठी, सोलं, खाज्याची पिशवी, आणि कुणीतरी मध्येच कोंबलेलं सुरण. हे सगळं तोच पुतण्या स्कूटरच्या पुढ्यात ठेवून स्टेशनावर आणतो, डब्यात चढवतो, सीटखाली सरकवतो आणि खिडकीपाशी येऊन उभा राहतो. आता मात्र विचारायला हरकत नाही, 'पुढल्या वर्षी काय आणू रे?' फक्त वेळ साधा. गाडीचा भोंगा वाजायला लागला की मगच तोंड उघडा. तो काहीतरी सांगेल, दोन बोटं जुळवून काहीतरी बारीक, टोकदार असं दाखवेलही. तुम्ही जोरात हात हलवा आणि म्हणा, 'हो हो, पाठवतो फोटो.'