कसाले?

गेल्या आठवड्याच्या पेपरात माझा कोपर छापून आला. पान चार, खालच्या बाजूला, डावा कोपर, कुडत्याची बाही दुमडलेली. तो माझा आहे हे फक्त बायकोने ओळखलं, तेही बाहीवरच्या हळदीच्या डागावरून. फोटोच्या मधोमध पाय पसरून बसलेली एक मावशी, भोवती आठदहा बाया, आणि खाली ओळ काय तर 'नव्या पिढीला सूतकताईचे धडे देताना ज्येष्ठ महिला'.

आता या ओळीतला एकेक शब्द घ्या. मावशीने एक इंच सूत काढलेलं नाही. धडे दिले ते सूतकताईचे नव्हते. नवी पिढी म्हणजे बहुतेक मीच, वय 47, गुडघ्याला पट्टा. ज्येष्ठ महिला तेवढी खरी.

आम्ही धुळ्यात अकरा जण रविवारी सकाळी जिभाऊंच्या ओसरीवर चरखे घेऊन बसतो. अकरा हा रजिस्टरमधला आकडा, ओसरीवरचा पाच-सहा, आणि पाऊस असला तर जिभाऊ आणि मी. जिभाऊ म्हणजे रिटायर्ड मास्तर. रविवार त्यांनीच ठरवला, कारण 1932 साली विनोबा इथल्या जेलमध्ये होते तेव्हा गीतेवर रविवारीच बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. मला वाटतं रविवारी सगळ्यांना सुट्टी असते म्हणून रविवार, पण जिभाऊंसमोर असं बोलायची सोय नाही, एकदा बोललो होतो तर मला फैजपूर काँग्रेसपर्यंत नेऊन आणलं त्यांनी, 1936, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, आणि चहा गार.

एक गुंडी म्हणजे 640 तार, एक तार 4 फुटाची, म्हणजे अडीच हजार फुटांच्या वर सूत झालं. मला कातायला लागून दीड वर्ष झालं, एका गुंडीला माझे दोन रविवार जातात आणि बोलणारा माणूस शेजारी बसला तर तीन. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, अट अशी की 8 तासांत 16 हजार फूट सूत निघालं पाहिजे. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. हे जिभाऊंनी सांगितलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

ओसरीवर एक हातमागही आहे, त्याच्यावर आम्ही आसनं विणतो. ताणा म्हणजे उभे धागे, ते मिलच्या सुताचे, बाणा म्हणजे आडवे, ते आमचे. आमचं सूत ताण्याला लावलं की फणीत घासून तटातट तुटतं, एकदा अख्खी दुपार नुसत्या गाठी मारण्यात गेली होती. बाहेर सांगताना मात्र 'हातसुताची आसनं'. निम्मं खरंय.

तर 2 ऑक्टोबर. चौकाजवळ छोटा मंडप, गांधीजींचा फोटो, हार, उदबत्ती, आणि सतरंजीवर मी. प्रात्यक्षिक. जिभाऊ म्हणाले तुझा हात बसलाय आता, तू बस. मी पेटी चरखा उघडला, चाती म्हणजे सूत गुंडाळायची सळई लावली, चाकाची दोरी म्हणजे माळ ताणली, समोर पेळूंचा, म्हणजे कातायला वळलेल्या कापसाच्या नळ्यांचा, डबा ठेवला, मोजून अडतीस पेळू. पहिल्या तासात तिघं आले. एकाने विचारलं याला मोटर का नाही लावत, दुसऱ्याने विचारलं लोन मिळतं का, तिसरा मुलाला दाखवायला थांबला आणि मुलगा म्हणाला पप्पा चला ना.

आणि मग मावशी. तालुक्यातल्या कुठल्या तरी गावाहून दवाखान्यात आलेली, हातात औषधांची पिशवी, बस दुपारची, म्हणून सावलीला मंडपात शिरली. थोडा वेळ नुसती बघत उभी राहिली. माझं सूत दोनदा तुटलं ते तिने दोन्ही वेळा बघितलं.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"सूत कातोय मावशी."

"कसाले?"

कसाले म्हणजे अहिराणीत कशाला. आता या 'कसाले'ला उत्तर आहे, जिभाऊंकडे सव्वा तासाचं आहे, पण जिभाऊ नेमके चहा सांगायला गेलेले. मी म्हटलं, कापड विणायला.

"कितलं व्हयनं?"

"सध्या एक आसन झालंय."

"कितला दिनमा?"

"पाच महिने."

ती हसली नाही. हसली असती तर चाललं असतं. माझ्याकडे तिने असं बघितलं की मला वाटलं आता पिशवीतली एखादी गोळी काढून देते. मग समोर बसली, डब्यातला एक पेळू उचलला, दोन बोटांत चुरला, उलगडला, उजेडाकडे धरला.

"हाऊ कापूस कोठला शे?"

"वर्ध्याहून मागवतो."

"वर्धाना?" आणि मग मंडपाबाहेर रिक्षात बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात, "आठला कापूस मरी गया का?"

आठला म्हणजे इथला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचा नाही आला. कारण बाई बरोबर बोलत होती. आमच्याकडे सीझनला कापसाच्या गाड्या निघाल्या की रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात, एवढा कापूस नुसता काट्यांना अडकतो. जिनिंगवाले क्विंटलमागे साधारण 34 किलो रुई काढतात, सरकी वेगळी, गाठी बांधतात आणि ट्रक गुजरातकडे नाहीतर थेट तामिळनाडूला. इथल्या मिलचा भोंगा बंद होऊन जमाना झाला, बोंडअळीने पीक खाल्लं तर ते शेतकऱ्याचं नशीब आणि भाव पडला तर तेही त्याचंच नशीब, आणि या सगळ्यात आम्हाला अर्धा किलो स्वच्छ पिंजलेली रुई हवी तर ती अख्ख्या गावात कुणी देत नाही. एका जिनिंगवर विचारायला गेलो होतो, त्या माणसाने विचारलं किती ट्रॉली. अर्धा किलो म्हटल्यावर त्याने वॉचमनकडे बघितलं. पूर्वी पिंजारी दारात यायचा, धुनकीचा टणटण आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा, आता गाद्या पिंजणारं मशीन टेम्पोवर येतं आणि त्यातून जे निघतं त्याचं सूत नाही होत, त्याची फक्त उशी होते. म्हणून वर्धा. कुरिअरने. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात आम्ही सोनं पार्सलने मागवतो.

हे सगळं मी मावशीला सांगायच्या बेतात होतो, पण तिने तोवर पेळूचा एक तुकडा तोडून त्याची फुलवात केली होती.

"यान्या वाती मस्त व्हतीन," ती म्हणाली आणि दुसरी केली.

मी म्हटलं मावशी, हे कातायचे आहेत. ती म्हणाली कात ना तू, तुले कोन नही म्हनस? आणि तिसरी. तिने चातुर्मासात लक्षवात धरलेली, एक लाख वाती, त्यातल्या चाळीसेक हजार झालेल्या, आणि घरचा कापूस कचऱ्याचा निघाला म्हणून काम अडलेलं. हे ऐकून मंडपाबाहेर थांबलेली एक काकू आत आली. म्हणाली आमच्या सासूबाईंनी पण केली होती. मग तिची जाऊ. मग भाजीची पिशवी घेऊन एक वहिनी. बोटांना राख लागते वात वळताना, तर एकीने सरळ उठून गांधीजींच्या फोटोपुढची उदबत्तीची राख कागदावर घेतली. कुणी म्हणालं दूध असतं तर अजून छान झाल्या असत्या, तर चहावाल्या पोऱ्याने अर्धा कप दूध आणून दिलं. मला त्याने तासभरात पाणी विचारलं नव्हतं.

दहा मिनिटांत माझ्यासमोर कुणी नव्हतं आणि माझ्या डाव्या हाताला सभा भरली होती. मी आपला कातत होतो. डावा हात मागे, उजव्या हाताने चाक, तार ताणली की चाक जरा उलटं, मग गुंडाळायचं. सूत त्या दिवशी खरंच चांगलं येत होतं, एकसारखं, बारीक, गाठ नाही. कुणीही बघत नव्हतं. पेळू घ्यायला डब्यात हात घातला तर हाताला हात लागला, कुठल्या तरी काकूंचा, त्या म्हणाल्या थांबा हो भाऊ, एवढा झाला की घ्या.

आता जिभाऊंनी येऊन हे थांबवावं की नाही? जिभाऊ आले, चष्मा वर केला, गर्दी बघितली, त्यांचे डोळे भरून आले. "लोकसहभाग," ते म्हणाले. आणि फोन काढून त्यांनी पेपरवाल्या पोराला बोलावलं. मी हळूच सांगितलं, जिभाऊ, या वाती करतायत. ते म्हणाले, हाताला काम आहे ना? दीड वर्ष माझ्या सुताचा अंक, म्हणजे बारीकपणा, काढून सगळ्यांसमोर 'हे म्हैस बांधायला ठेवा' म्हणणारा माणूस हा.

पेपरवाला पोरगा आला, मला म्हणाला काका जरा डाव्या बाजूला सरकता का, फ्रेममध्ये येताय. त्याला मी नंतर फोन करून सांगितलं की बाबा ओळ चुकलीय. तो म्हणाला, सर, वात काय न सूत काय, कापसाचंच ना शेवटी? मी त्याला व्हॉट्सॲपवर दोन्हींचे फोटो पाठवले, सूत वेगळं, वात वेगळी. निळ्या खुणा आल्या. बस.

अडतीस पेळूंपैकी नऊ उरले. मावशीने जाताना वातींचा केवढा तरी जुडगा औषधाच्या कागदात बांधला आणि बांधायला दोरा हवा म्हणून चातीवरून माझं सूत सर्रकन ओढून हातभर तोडलं. तीनदा गुंडाळलं, गाठ मारली, ओढून बघितलं.

"मजबूत शे," ती म्हणाली.

दीड वर्षात माझ्या सुताला मिळालेली ही एकमेव पावती, आणि ती द्यायला जिभाऊ जवळ नव्हते, परत चहा सांगायला गेले होते.

सोमवारी मावशीची दवाखान्यात परत तारीख होती. माझा पत्ता तिला कुणी दिला हे मी विचारलं नाही, जिभाऊच असणार. दारात गोणपाटाची पिशवी ठेवली, म्हणाली हाऊ घे, आठला शे, वर्धाले पैसा नको धाडू. घरच्या शेतातला, पहिल्या वेचणीचा, चार किलो तरी असेल. मी एकदम गहिवरलो वगैरे. ती गेल्यावर पिशवीत हात घातला तर सगळा सरकीसकट.

चार किलो कापूस कुठलं जिनिंग घेणार आहे? जिभाऊंनी पद्धत दाखवली, पाटावर बोंडाची फुटी ठेवायची आणि वरून लोखंडी सळई दाबून लाटायची, रुई मागे राहते आणि सरकी पुढे निसटते. निसटते म्हणजे उडते. सोफ्याखाली, कुकरच्या मागे, पोराच्या दप्तरात. कालपर्यंत पाव किलो झाला, उजव्या अंगठ्याला फोड आहे, आणि सकाळी मावशीचा फोन येऊन गेला की वाती एकसष्ट हजार झाल्या, ते वर्ध्याचे पेळू उरले असतील तर ठेव.

चार आहेत. मी लपवलेत.