ट्रिंग म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरांनी मला सायकल लिहून दिली. अक्षरशः लिहून दिली. दोन गोळ्यांच्या खाली, 'रोज अर्धा तास सायकल' असं. जेवणाआधी की जेवणानंतर ते लिहिलं नव्हतं. ती चालवायची कुठे, तेही लिहिलं नव्हतं.

घराजवळून एक मार्ग जातो. पादचारी आणि सायकलवाले यांनी तो गुण्यागोविंदाने वापरायचा आहे. मधोमध पांढरी रेघ, रेघेच्या एका अंगाला सायकलचं चित्र आणि दुसऱ्या अंगाला माणसाचं. चित्रातला माणूस सरळ चालतो, एकटा चालतो, त्याच्या कानात काही नाही, हातात मोबाइल नाही आणि तो मध्येच थांबून बुटाची नाडी बांधत नाही. असा माणूस त्या मार्गावर मी एकच पाहिला, तो म्हणजे हा जमिनीवर रंगवलेला. त्याच्या अंगावरून मात्र सगळ्या सायकली बिनदिक्कत जातात.

सायकलला घंटी होती. माझ्या सगळ्या हालअपेष्टांचं मूळ ती घंटी आहे.

पहिल्याच सकाळी पुढे दोन बायका गप्पा मारत चालल्या होत्या, अर्थात सायकलच्या चित्रावरून. मी लांबूनच ट्रिंग केलं. डावीकडची दचकून उजवीकडे गेली. त्याच क्षणी उजवीकडची दचकून डावीकडे गेली. म्हणजे रचना होती तीच राहिली, फक्त माणसं बदलली. मग आपण मैत्रिणीला वाऱ्यावर सोडलं असं वाटून दोघी एकमेकींकडे धावल्या आणि बरोबर मधोमध, एकमेकींचा दंड धरून उभ्या राहिल्या. मी करकचून ब्रेक दाबला. पुढचं चाक त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"अहो, घंटी तरी वाजवायची!" त्यातली एक म्हणाली.

"वाजवली की!"

"मग एवढी कशाला वाजवायची?"

यावर मी अजून विचार करतो आहे. कारण प्रश्न तसा खोल आहे. ट्रिंग म्हणजे नेमकं काय? माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की 'मी मागे आहे, तुमचं चालू द्या.' पुढच्याच्या कानात शिरेपर्यंत त्याचं 'हो बाजूला!' होतं. कुठल्या बाजूला, हे घंटीत सांगायची सोय नाही. त्यामुळे ऐकणारा स्वतःच्या बुद्धीने बाजू निवडतो, आणि ती नेमकी मी मनात धरलेली असते. इतकं मनकवडेपण मला घरात कधी अनुभवायला मिळालेलं नाही.

मी घंटीचे प्रयोग करून पाहिले. अंगठ्याने खटका अर्धाच दाबला की नुसतं 'टिंग' येतं. ते फार दीनवाणं वाटतं, आणि कुणी वळूनही बघत नाही. लांबलचक 'ट्रिंऽऽग' दिलं तर लोक आग लागल्यासारखे बघतात. दोनदा छोटं वाजवलं तर एक गृहस्थ ओळखीचं हसून थांबले आणि मलाही उतरून पाच मिनिटं बोलावं लागलं. बायकोने एकदा मागून चालत येताना हे ऐकलं आणि निकाल दिला, "तुमची घंटी तुमच्यासारखीच आहे. सूर विनंतीचा आणि मतलब हुकमाचा."

बरं, घंटी काढून टाकावी तर ती नुसती हौस नाही. रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल १९६८ साली व्हिएन्नात जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात सायकलचाही विचार केलेला आहे. सायकलला पुरेशा अंतरावरून ऐकू येईल अशी घंटी हवी, आणि घंटीखेरीज इशारा देणारं दुसरं कुठलंही वाजणारं साधन नको. म्हणजे देशोदेशीचे जाणते लोक एकत्र बसले, त्यांनी सायकलवाल्याच्या हातात एकच शब्द दिला आणि त्याचा अर्थ सांगायचं राहून गेलं.

गळ्याचा उल्लेख करारात नाही, म्हणून मी गळा वापरला. 'माफ करा, मी जरा डावीकडून पुढे जाऊ का?' हे वाक्य नीट, हसतमुखाने म्हणायला तीन सेकंद लागतात. माझ्यासारखा माणूस ताशी पंधरा किलोमीटरने चालला तरी सेकंदाला चार मीटरच्या वर जातो. म्हणजे वाक्य बारा मीटर लांब पडतं. 'माफ करा' मी मागून म्हणायचो, 'डावीकडून' बरोबरीने यायचं, आणि 'जाऊ का' पुढे गेल्यावर हवेला विचारायचो. त्यात अर्धे लोक कानात काहीतरी घालून चाललेले. त्यांना फक्त एक माणूस ओठ हलवत शेजारून गेलेला दिसतो. एका मुलाने माझ्याकडे बघून हात जोडले.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय अजून दुखतो. मालक रेघेच्या एका बाजूला, कुत्रा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये गुडघ्याच्या उंचीवर, संधिप्रकाशात मुळीच न दिसणारा पट्टा. शर्यतीच्या शेवटी फीत असते तसा. मी ती शर्यत दोनदा जिंकलो आहे.

तरी एका गोष्टीने धीर आला. हे भांडण सायकलपेक्षा जुनं नसलं तरी सायकलइतकंच जुनं आहे. कार्ल ड्राईस नावाच्या जर्मन गृहस्थाने जून १८१७ मध्ये मानहाइमहून आपलं दुचाकी लाकडी यंत्र बाहेर काढलं. त्याला पायडल नव्हतं. वर बसायचं आणि पायाने जमीन ढकलत पळायचं. अशाच यंत्रांवर लंडनची शौकीन मंडळी फूटपाथवरून भरधाव जाऊ लागली आणि १८१९ मध्येच त्यांना दंड होऊ लागले. म्हणजे पायडलच्या आधी पावती आली. फूटपाथवर का, तर रस्ता खडबडीत होता म्हणून. दोनशे वर्षांनी मला कुणी विचारलं तर मीही हेच सांगतो.

आता खरं तेही सांगायला हवं. दर रविवारी मी गाडी चालवतो. गाडीत बसून दार लावलं की 'धप्प' असा एक आवाज होतो आणि आतला माणूस बदलतो. काचेपलीकडे सायकलवाला दिसला की मी बायकोला म्हणतो, "बघ, बघ, कसा वेडावाकडा चाललाय." वास्तविक तो खड्डा चुकवत असतो. आदल्याच दिवशी तोच खड्डा मी तस्साच चुकवलेला असतो, आणि मागून हॉर्न देणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार केलेला असतो. पण तो खड्डा सायकलवरून केवढा दिसतो, हे गाडीत बसल्यावर आठवत नाही. गाडीत खड्डे चाकाखाली असतात. सायकलवर ते थेट मणक्याखाली असतात.

हॉर्न हा घंटीचा थोरला भाऊ. त्याच्याही तोंडी तोच एक शब्द, फक्त छाती मोठी. आणि गाडी ताशी पन्नासने जात असेल तर सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते. समोर काय आहे ते ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच चौदा मीटर संपले. हा हिशेब मी सायकलवर असताना इतरांना हिरिरीने सांगतो. गाडीत असताना तो बायको सांगते.

अशा वेळी मला ब्रिटनमधला १८६५चा कायदा फार आवडायला लागतो. इंजिनावर चालणाऱ्या गाडीने गावात ताशी दोन मैलांच्या वर जायचं नाही, आणि गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालत राहायचं. निशाण नंतर गेलं, पुढे चालणारा माणूस मात्र १८९६ पर्यंत टिकला. ताशी दोन मैल! आपण चालतो त्याहूनही सावकाश. म्हणजे मालक गाडीत बसून नोकराच्या मागे, आणि नोकर मधूनमधून थांबून 'आलात का?' म्हणून बघणार. मला एक असा निशाणवाला सायकलपुढेही हवा होता. घंटीपेक्षा तो परवडला असता. निदान त्याला बोलता तरी आलं असतं.

माझ्या कपाळमोक्षाला कारणीभूत झाले हान्स मॉन्डरमन. हे डच वाहतूक अभियंता होते. यांचं म्हणणं असं की पाट्या, रेघा, सिग्नल काढून टाका, म्हणजे माणसं एकमेकांकडे बघायला लागतील आणि आपोआप जपून वागतील. द्राख्तन गावातला एक वर्दळीचा चौक त्यांनी तसा करून दाखवला, आणि आलेल्या पाहुण्यांची खात्री पटावी म्हणून ते पाठमोरे, डोळे मिटून त्या वाहतुकीत शिरत. गाड्या त्यांना वळसा घालून जात. (ज्यांना दिसतच नाही त्यांनी कुणाच्या डोळ्यांत बघायचं, असा आक्षेप अंधांच्या संघटनांनी या सामाईक रस्त्यांवर घेतला. मला तो बिनतोड वाटतो. डोळे मिटून रस्ता ओलांडणं हे ज्याला डोळे उघडता येतात त्याचंच कौतुक असतं.)

पण वाचलं त्या रात्री मी भारावून गेलो. घंटी बंद! उद्यापासून डोळ्यांना डोळा.

सकाळी समोरून एक आजोबा येत होते. पांढरी टोपी, हातात छत्री, चाल संथ, रेघेवरूनच. मी घंटीवरचा अंगठा काढला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. सिद्धान्त लागू पडत होता.

मॉन्डरमन चालत होते, मी सायकलवर होतो, हा फरक मी विसरलो होतो. सायकलचा एक धर्म आहे: जिकडे नजर तिकडे हँडल. शिकताना सगळं मैदान मोकळं असून त्यातल्या एकुलत्या एक खांबावर आपण जातो, ते यामुळेच. मी आजोबांच्या डोळ्यांत जितकं मायेने पाहिलं तितकी सायकल त्यांच्या दिशेने ओढली गेली. ते उजवीकडे सरकले, माझी नजर सरकली, हँडल सरकलं. ते डावीकडे आले, मीही आलो. त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक होतं, मग शंका आली, आणि शेवटच्या दोन मीटरांत ओळख पटली की हा माणूस आपल्यालाच शोधत होता.

मी कुंपणात गेलो. आजोबा जागच्या जागी, छत्री ढालीसारखी धरून.

"घंटी नाही का हो तुमच्या सायकलला?"

"आहे," मी पालापाचोळा झटकत म्हणालो. "पण ती वाजवली की लोक घाबरतात."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "आणि हे तुम्ही करत होतात, ते कसं होतं?"

गुडघा चांगला सोलवटला. आठवडाभर सायकल बंद, नुसतं लंगडत फेरफटका मारायचा असं ठरलं. म्हणजे रोजचा अर्धा तास तोच, फक्त पायी आणि व्हाया कुंपण.

चालणारा झाल्यावर पहिल्याच दिवशी मला रेघेचा अर्थ कळला नाही. नाही म्हणजे, रेघ दिसते, पण पायांना ती लागत नाही. सायकलच्या बाजूला झाडाची सावली होती, म्हणून मी तिकडून चाललो. मागून ट्रिंग झालं. माझं काळीज लक्कन हललं. एवढीशी ती घंटी, पण पाठीमागून आली की तिला चाकं किती आहेत, वेग किती आहे, काही कळत नाही. सगळं अंग एका बाजूला उडी मारायला निघालं आणि मी ते मोठ्या निर्धाराने आवरलं. कारण मला आतली गोष्ट माहीत होती! उडी मारणाऱ्यांमुळेच घोटाळा होतो. सायकलवाल्याला काय हवं असतं, तर पुढच्याने हलू नये. मी खांबासारखा थिजून उभा राहिलो, त्याचं काम सोपं व्हावं म्हणून.

धाडकन आवाज झाला. माझ्या पायाशी एक तरुण, त्याच्यावर त्याची सायकल, आणि वरचं चाक अजून फिरत होतं.

"काका, हलला का नाहीत?" तो कळवळून म्हणाला. "तुम्ही डावीकडे उडी मारणार असं धरून मी उजवीकडे घेतली. मग वाटलं उजवीकडे मारणार. तुम्ही काहीच केलं नाहीत!"

त्याच्यापाशी माझ्यासारख्यांचा इतका अनुभव जमा होता की न उडणाऱ्या माणसाची त्याला कल्पनाच नव्हती. 'काका' जास्त लागलं, ते सोडा. त्याची चेन पडली होती. मी म्हणालो, धर मी मागचं चाक उचलतो. तो दातांवर चेन चढवत होता, मी पायडल हाताने फिरवत होतो, दोघांचे हात काळे झालेले. सायकल आडवी, आम्ही दोघं वाकलेलो, रेघेच्या बरोबर मधोमध.

मागून घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग.

आम्ही दोघंही एकदम वळून ओरडलो, "अहो, दिसत नाही का?"