रॉडला ढील ठेवू नका म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

कापसाचा हंगाम लागला की आमच्या पांढरकवडा-वणी पट्ट्यात वर्षभर उभे असलेले जुने ट्रक पुन्हा रस्त्यावर निघतात, आणि त्यांच्यासोबत तो मेसेजही. ‘जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स घरीच बसवा’ असं त्याचं शीर्षक. त्यात सांगितलंय: क्लचच्या रॉडला (पेडलची हालचाल क्लचपर्यंत नेणारी सळई) अजिबात ढील ठेवू नका, क्लच दुप्पट टिकेल, बॉक्स आत जात नसेल तर बोल्टांनी ओढून घ्या, क्लच प्लेट नवी टाकली की पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) बदलायची गरज नाही, स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवर) भरपूर ग्रीस भरा, आणि गिअर टाकताना खर्रर वाजलं तर बॉक्सच खराब समजा. मी बावीस वर्षं हेच काम करतो. यातली एकही गोष्ट बरोबर नाही, आणि पहिली तर मालकाला बुडवणारी आहे.

पेडलवर पाय ठेवला की सुरुवातीचं साधारण इंचभर अंतर ते हलकं जातं. तीच ढील. रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की पुढे सरकून क्लच सोडवणारं) आणि प्रेशर प्लेटच्या फिंगरमध्ये (ते बेअरिंग ज्यांना दाबतं त्या पट्ट्यांमध्ये) जी बारीक फट असते, ती पायाला अशी जाणवते. बऱ्याच जणांना वाटतं की प्लेट झिजली की ढील वाढत असेल, ब्रेकसारखी. रॉडवाल्या क्लचमध्ये उलटं होतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाकडे, सरकते आणि फिंगर मागे, बेअरिंगकडे येतात. म्हणजे ढील आपोआप कमी होत जाते. ती आजच शून्य केली तर थोड्याच दिवसांत बेअरिंग फिंगरवर कायमचं टेकतं. पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धा दाबलेला राहतो. मग प्लेट घसरते, तापते, जळते, आणि बेअरिंग सतत फिरून वाजायला लागतं ते वेगळंच.

मागच्या हंगामात एक पोरगा असाच कापूस भरून जिनिंगला निघाला आणि चढावर अडकला. इंजिन ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती. मी पोचलो तेव्हा जळक्या लायनिंगचा वास रस्त्यावरच येत होता. “काका, मेसेजमंदी तर ढील ठेवू नका म्हनलं होतं,” तो म्हणाला. प्लेट नवीकोरी होती, दहा दिवसांपूर्वी टाकलेली. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते. त्याची चूक मला वाटत नाही. लिहिणाऱ्याने ठासून लिहिलं आणि त्याने विश्वास ठेवला.

मात्र ढील आणि लिंकेजची झीज या दोन गोष्टी एक समजू नका. जुन्या गाडीत पिनांची भोकं लांबट झालेली असतात, आडव्या शाफ्टचे बुश गेलेले असतात. तिथलं ढिलेपण पेडलला जाणवतं, पण फोर्कपर्यंत, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्यापर्यंत, काहीच पोचत नाही. वरून पेडल बघून रॉड आवळला तर फसाल. आधी पिना आणि बुश बदला. मग एकाला हलक्या हाताने पेडल दाबायला सांगा, आपण खाली फोर्कपाशी बघा: बेअरिंग टेकेपर्यंत तो किती मोकळा हलतो? आकडा गाडीच्या पुस्तकातला धरा आणि लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण नट आवळताना रॉड फिरतो. क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर हिशोब वेगळा, हे त्या मेसेजमध्ये कुठेही नाही.

बोल्टांनी ओढण्याबद्दल. जुन्या मोठ्या ट्रकचा बॉक्स क्विंटलाच्या आसपास किंवा त्याहून जड. तो इनपुट शाफ्टवर, म्हणजे बॉक्समधून क्लचमध्ये जाणाऱ्या दांड्यावर, लटकला तर प्लेटचा हब वाकतो, आणि बोल्टांनी ओढला तर बेल हाऊसिंगचा (क्लचवरच्या आवरणाचा) कान तुटू शकतो. बॉक्स आणि इंजिनमध्ये फट राहते म्हणजे स्प्लाइन जुळलेली नाही किंवा प्लेट मध्यावर नाही. प्लेट बसवतानाच एखादा जुना इनपुट शाफ्ट घालून ती मध्यावर धरा. बॉक्स चढवताना तो गिअरमध्ये टाका आणि मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवा, दात जुळले की तो आपसूक सरकतो. दोन लांब बोल्टांची डोकी कापून गाइड म्हणून लावले तर आणखी सोपं. आणि बॉक्सखाली ट्रॉली जॅक हवाच, छातीवर घेऊन कोणी चढवू नये.

पायलट बेअरिंग छोटंसं असतं, पण ते अडकलं तर क्लच पूर्ण दाबूनही इनपुट शाफ्ट फिरत राहतो आणि गिअर खर्रर वाजतो. मेसेजमधला शेवटचा मुद्दा इथेच पडतो. आवाज आला म्हणून लोक चांगला बॉक्स उघडतात, दोष असतो पायलटमध्ये, रॉडमध्ये किंवा स्प्लाइनवर अडकलेल्या प्लेटमध्ये.

स्प्लाइनवर ग्रीसचा बोटाने लावलेला पातळ थर पुरे, जास्तीचं उडून लायनिंगवर जातं. बेल हाऊसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात बसतं. ओल्या फडक्याने पुसा.

हे काम गावच्या शेडमध्ये होतं, नागपूरला न्यायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. फक्त पहिल्या दोन-तीन खेपा झाल्या की ढील पुन्हा मोजा. आणि पिनेतली जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका, नवी टाका. ती गळून पडली की भरल्या गाडीचं पेडल चढावरच जमिनीला टेकतं.